सेरेब्रल पाल्सी: थेरपीचा एक तास आणि घरातले तेवीस

मुलीच्या फाइलवर पहिल्यांदा ‘सीपी’ (सेरेब्रल पाल्सी) ही दोन अक्षरं दिसली तेव्हा मला ते कुठल्या तरी तपासणीचं नाव वाटलं. आज चिऊ बारा वर्षांची आहे. मी नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत फिटर आहे, बायको घरी शिवणकाम करते आणि आम्ही सिडकोत राहतो. थेरपीच्या बाकावर नवीन आईबाप भेटले की प्रश्न ठरलेले असतात: चालेल का, किती खर्च येईल, कुठल्या ऑफिसात जायचं? म्हणून सगळं एकदाच क्रमानं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. औषध आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या.

१. आधी झालंय काय, ते समजून घ्या

कंपनीच्या भाषेत सांगतो. मोटर चांगली आहे, गिअरही चांगले आहेत, पण पॅनेलमधून येणारा सिग्नल बिघडलाय. बाळाचे हातपाय मुळात ठीक असतात. वाढत्या मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग दुखावलेला असतो. ही इजा पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या काही वर्षांत होते. वेळेआधी जन्म, फार कमी वजन, जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, खूप वाढलेली आणि वेळेत न उतरवलेली कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातले काही संसर्ग ही त्याची ओळखीची कारणं. चिऊ एकतिसाव्या आठवड्यात झाली, १,४०० ग्रॅमची. कितीतरी मुलांत नेमकं कारण शेवटपर्यंत सापडत नाही.

ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं, असं आमच्याकडे एका नातेवाइकानं बायकोला तोंडावर ऐकवलं होतं. तसं काही नसतं. तुमच्या घरात कुणी असं बोललं तर नवऱ्यानं तिथल्या तिथे थांबवावं. मी तेव्हा गप्प राहिलो होतो, ते मला अजून डाचतं.

मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. शरीरावरचे परिणाम मात्र वयाबरोबर बदलतात, कारण हाड वाढतं आणि ताठ स्नायू त्या वेगानं लांब होत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षी टेकणारी टाच सातव्या वर्षी उचललेली दिसते. ‘आजार वाढला’ म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

बहुतेक मुलं स्पॅस्टिक म्हणजे ताठरपणाच्या प्रकारात मोडतात. काहींच्या अंगाला आपोआप पीळ पडतो किंवा हात भलतीकडे जातो. जबर काविळीनंतर हा प्रकार दिसतो. थोड्यांचा तोल जातो. काहींत हे सगळं मिसळलेलं असतं.

आता ‘चालेल का’ याचं उत्तर. साधारण तिघांपैकी दोन मुलं आधारानं किंवा आधाराशिवाय चालतात, एक चालत नाही. चारातल्या एकाला बोलता येत नाही, चारातल्या एकाला फिट येतात. जवळपास निम्म्यांच्या बुद्धीत अडचण असते, म्हणजे निम्म्यांच्या नसते. तोंडातून लाळ गळते म्हणून पोराला काही कळत नाही असं धरून चालू नका.

२. शंका आली की थांबू नका

‘आमचा बाळ्याही उशिराच चालला होता’ या वाक्यानं आमचे आठ महिने खाल्ले. एका डॉक्टरांनीही ‘दोन वर्षांची होऊ द्या, मग बघू’ असं सांगितलं होतं. खालचं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना थेट विचारा, ‘सीपीची शंका आहे का?’

- चार-पाच महिने झाले तरी मान धरत नाही
- तीन-चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट, अंगठा आत
- उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर
- वर्षाच्या आतच एक हात पुढे आणि दुसरा कायम मागे
- दूध ओढताना सारखा ठसका

बाळ वेळेआधी झालं असेल तर वय जन्मतारखेवरून मोजू नका, प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेवरून मोजा.

निदान मुख्यतः बाळाला तपासून, हालचाली बघून होतं. एमआरआयनं कारण कळायला मदत होते, पण काही मुलांचा एमआरआय नॉर्मलही येतो. थेरपी मात्र निदानाचा शिक्का बसेपर्यंत थांबवू नका.

नाशिकमध्ये सुरुवात कुठून करायची? त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमधून. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं ‘डीईआयसी’ हे केंद्र लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीच आहे. ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतं आणि तिथली तपासणी मोफत असते. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथकही तिथली चिठ्ठी देतं. खासगी डॉक्टर चालू असले तरी इथे नोंद करा. पुढे दिव्यांग दाखल्याच्या वेळी सिव्हिलचे जुने कागद कामी येतात.

३. डॉक्टरांना हे विचारून लिहून घ्या

मुलाची ‘जीएमएफसीएस’ पातळी कोणती? मूल स्वतःहून किती हालचाल करू शकतं याची, १९९७ साली आलेली ही पाच पायऱ्यांची मोजणी आहे. पहिल्या पातळीचं मूल चालतं, पळतं, फक्त थोडं अडखळतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मानेलाही आधार लागतो. आमची चिऊ चौथ्या पातळीवर. हा आकडा कळला आणि आमचं घर ताळ्यावर आलं. तोवर आम्ही ‘चालायलाच हवी’ म्हणून तिला चाकांच्या वॉकरमध्ये लोंबकळत ठेवायचो. त्यानं ती फक्त पंजांवर ढकलायला शिकली आणि पाय आणखी ताठले. तो वॉकर आणू नका, कुणी भेट दिला तरी माळ्यावर टाका.

खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा? हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. ताठ स्नायू मांडीचं हाड हळूहळू खोबणीतून बाहेर ओढतात. साधारण तिघांतल्या एका मुलाचा खुबा असा सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. न चालणाऱ्या मुलांत हा धोका जास्त. डायपर बदलताना मांड्या पूर्वीपेक्षा कमी उघडतात असं वाटलं तर लगेच दाखवा. दर एक्स-रेवर तारीख घालून ठेवा, मागचा-पुढचा शेजारी धरल्याशिवाय फरक दिसत नाही.

डोळे आणि कान तपासले का? बाकी गडबडीत हे राहून जातं.

ताठरपणासाठी बॅक्लोफेनसारखं औषध चालू असेल तर ते मनानं एकदम बंद करू नका, त्याचे त्रास गंभीर असतात. ताठ स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं तर परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. त्या काळात ताण देण्याचे व्यायाम आणि स्प्लिंट (हातपाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा) नेमानं झाले नाहीत तर पैसे पाण्यात गेले असं समजा.

४. तासाची थेरपी आणि उरलेले तेवीस तास

सगळ्यात जास्त मी इथेच चुकलो. रोज गंगापूर रोडला स्कूटरवरून नेऊन तासभर फिजिओ करून आणायचो आणि घरी आलं की चिऊ दिवाणावर उताणी, टीव्हीसमोर. एका फिजिओ ताईंनी विचारलं, ‘दादा, माझ्याकडे एक तास असते. उरलेले तेवीस तास ती कशी असते ते सांगा.’ मला उत्तर देता आलं नाही.

चांगला थेरपिस्ट तुम्हाला आत बसवतो, तुमच्या हातानं करून घेतो आणि घरासाठी दोन-तीनच गोष्टी देतो. दार लावून रडणाऱ्या मुलाला ताणणारा असेल तर बदला. मालिशवाल्या मावशींना पाय ओढून ‘सरळ’ करू देऊ नका. हलक्या हाताचं तेल चालेल.

घरात आम्ही हे बदललं:

*उचलणं.* काखेत धरून सरळ वर उचललं की अंग काठीसारखं होतं. आधी गुडघे आणि कंबर दुमडा, गोळा करून छातीशी घ्या, मग उठा. स्वतःचेही गुडघे वाका. माझी कंबर गेली ती याच घाईत.

*कपडे.* जास्त ताठ हात बाहीत आधी घाला, काढताना तो शेवटी काढा.

*झोपणं.* कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी.

*बसणं.* यावर मी दोन रविवार घालवले. बाजारातली सीपी चेअर महाग होती आणि मापात बसत नव्हती. ताईंना घरी बोलावून मापं घेतली आणि ओळखीच्या सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायची खुर्ची करून घेतली. कंबर, गुडघा, घोटा तिन्ही ठिकाणी काटकोन हवा. बसायच्या फळीची लांबी ठरवताना पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा आणि दोन बोटं कमी करा, नाहीतर मूल पुढे घसरतं. पट्टा पोटावर नको, मांड्या आणि कंबर जिथे मिळतात तिथे. गुडघ्यांच्या मध्ये गोल कडेचा, फोम लावलेला ठोकळा ठेवला की कात्री पडत नाही. पावलांखाली पाट हवाच, लोंबकळते पाय म्हणजे ताठ अंग. पुढचा ट्रे कोपराच्या उंचीला. सगळं बोल्टवर ठेवा, म्हणजे मूल वाढलं की भोकं बदलून सरकवता येतं. सुतार खिळे ठोकतो म्हणाला होता, मी हटून बोल्टच लावले. ती खुर्ची चार वर्षं चालली. चांगल्या खुर्चीतही अर्ध्या-पाऊण तासानं स्थिती बदला.

*स्प्लिंट.* एएफओ (घोटा आणि पाऊल धरणारा स्प्लिंट) घालताना आत सुती मोजा, सुरकुती नको. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर बनवणाऱ्याकडे परत जा. ‘सवय होईल’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

*बोलणं.* चिऊचे शब्द बाहेरच्यांना कळत नाहीत. आम्ही पुठ्ठ्यावर फोटो चिकटवले: पाणी, शी, दुखतंय, आजी, बंद करा. आधी ‘हो’ आणि ‘नाही’ पक्कं करा, डोळे वर केले तरी चालेल. चित्रं दिली की मूल बोलणं सोडतं ही भीती खोटी आहे. पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्यात जास्त वेळा ‘बंद करा’वर हात ठेवला, तोही माझ्या बातम्यांच्या चॅनेलसाठी.

अचानक ताठरपणा वाढला तर दुखणं शोधा. बद्धकोष्ठ, किडलेला दात, लघवीचा संसर्ग, खुबा, छोटा पडलेला बूट. सांगता न येणारं मूल अंग ताठ करून सांगतं. आमच्या नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही स्नायू आखडतात. सकाळी आंघोळ कोमट पाण्यानं आणि व्यायाम त्यानंतर, हा क्रम आम्हाला मानवला. शेकायची गरम पिशवी थेट कातडीला लावू नका, मूल पाय मागे घेऊ शकत नाही.

५. जेवण

आडवं झोपवून चमच्यानं भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जातं आणि वारंवार न्यूमोनिया होतो. बसवून, मान किंचित पुढे, तुम्ही समोर आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीला. उभं राहून भरवलं की मान मागे जाते. गिळायला सगळ्यात अवघड असतं ते पातळ पाणी. नाचणीची दाट पेज, मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेलं केळं बरं पडतं. वजन वाढावं म्हणून चमचाभर तूप. जेवताना खोकला, घरघर, डोळ्यांत पाणी हे रोजचं असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. एका जेवणाला तासभर लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ती तक्रारच आहे.

६. फिट आली तर

कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल काही हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. घरी ठेवायचा नाकातला स्प्रे मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून आणि वापरायला शिकून घ्या.

७. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यातला एक. बहुतेक लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

जवळ ठेवा:

- मुलाचं आधार, जन्मदाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो
- रहिवासाचा पुरावा, आईवडिलांचं आधार
- डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, सगळ्या केसपेपरच्या प्रती
- चालू राहणारा एकच मोबाइल नंबर

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांसाठी आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. तिथे रुग्णालय निवडायचं असतं. पावती घेऊन सिव्हिलला तपासणीला जा. तपासणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या वारी बसतं ते आदल्या दिवशी विचारा. मुलाचा डबा, औषध, जादा कपडे आणि एक चादर बरोबर असू द्या.

इथल्या खाचा. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, की अर्ज अडकला. आधी ते दुरुस्त करा. पाच वर्षांनंतर आधारला बोटांचे ठसे लागतात आणि आपल्या मुलांची मूठ उघडत नाही. केंद्रावर सांगा, ठसे घेता न आल्यास अपवाद म्हणून नोंद करायची सोय आहे. अर्जात फक्त ‘हाडांचे दिव्यांगत्व’ लिहू देऊ नका, ‘सेरेब्रल पाल्सी’ असा उल्लेख हवाच, कारण पुढे सांगितलेल्या निरामय विम्याला तोच लागतो. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपायच्या तीन महिने आधी फोनला गजर लावा. आणि ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारा माणूस गेटवर भेटेल. त्याला नमस्कार करून पुढे जा.

८. पैशांची सोय

*निरामय.* १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत. आधीच्या आजाराची अट नाही आणि बाह्यरुग्ण थेरपीचाही खर्च मिळतो. वर्गणी किरकोळ आहे. थेरपी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली हवी, पावत्या मूळ हव्यात. दरवर्षी नूतनीकरण करा. आमचं एका वर्षी राहिलं आणि नेमका त्याच वर्षी बोटॉक्सचा खर्च आला.

*संजय गांधी निराधार अनुदान.* अर्ज तहसील कार्यालयात, उत्पन्नाचा दाखला लागतो. २०२५ मध्ये राज्य सरकारनं दिव्यांगांसाठी महिन्याची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये केली. बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

*महापालिका.* स्थानिक संस्थांना पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात चालू योजनांची यादी आणि शेवटची तारीख विचारून या. तारीख गेल्यावर गेलात तर पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

*प्रवास.* एसटीत भाड्याची ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेच्या सवलतीला मात्र यूडीआयडी दाखवून भागत नाही. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो, तो सिव्हिलला गेलात की त्याच फेरीत भरून घ्या.

*आयकर.* जुनी कररचना घेतली तर पालकाला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. कंपनीच्या अकाउंट्समधल्या माणसाला माहीत नव्हतं, मीच कागद नेऊन दाखवला.

९. शाळा

एका शाळेनं ‘इतर मुलांवर परिणाम होईल’ म्हणून प्रवेश नाकारला. तेव्हा आम्ही मुकाट परत आलो. आता सांगतो, नकार लेखी मागा. ४० टक्के आणि वर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. लेखी मागितलं की आवाज खाली येतो. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून विशेष शिक्षक येतात, फार अवघड असेल तर घरी येऊन शिकवायचीही तरतूद आहे.

बुद्धीची अडचण जास्त असेल तर विशेष शाळा बघा. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली इथे सुरू केलेली प्रबोधिनी ही नाशिककरांच्या ओळखीची. बुद्धी ठीक आणि फक्त हातपाय अडतात अशा मुलाला मात्र केवळ जिना आहे म्हणून विशेष शाळेत टाकू नका. वर्ग तळमजल्यावर आणायला सांगा. आम्ही अर्ज दिला आणि चौथीचा वर्ग खाली आला. त्याला लागला एक शिपाई आणि अर्धा दिवस. परीक्षेला लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. दहावीची वाट न बघता सातवी-आठवीपासून लेखनिकाला सांगायची सवय लावा, ते कौशल्य वेगळंच आहे.

१०. ‘बरं करतो’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

चिऊच्या दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराचे काही लाख सांगितले आणि उठून बसलेल्या मुलांचे व्हिडिओ दाखवले. बायकोचे दागिने मोडायचे ठरलं होतं. वाचलो ते एका डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नामुळे: ‘हे प्रयोगात आहे की मान्य उपचारात, ते लेखी देतील का?’ दिलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सीपीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. प्रयोग म्हणून कुणी देत असेल तर त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. दाब वाढवलेल्या ऑक्सिजनच्या खोलीचंही तसंच, सीपीवर उपयोग सिद्ध झालेला नाही. घाई करणारा, व्हिडिओ दाखवणारा, रोख मागणारा, अशांकडून उठा.

देवाला जायला हरकत नाही, पण उपास घडवू नका आणि फिटचं औषध बंद करू नका.

११. अठरा वर्षांच्या आधी

मूल अठराचं झालं की कायद्यानं सज्ञान. ज्यांना स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमला जातो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे. आईवडिलांनाही हा कागद लागतो, हे बऱ्याच जणांना बँकेच्या खिडकीवरच कळतं. मुलाला समजतं आणि ठरवता येतं तर पालक नेमायची घाई नको.

१२. घर आणि बाहेर पडणं

चिऊला वणीला न्यायची माझ्या आईची जुनी इच्छा होती. पाचशेच्या वर पायऱ्या, खांद्यावर नेणं आता जमलं नसतं. २०१८ पासून सप्तशृंगी गडावर रुळांवरची ट्रॉली आहे, तिनं वर गेलो. काही ठिकाणी दोन माणसं लागलीच, पण दर्शन झालं. रामकुंडावर मात्र उतार शोधत बसू नका, पावसाळ्यात दगड निसरडे असतात, वरूनच नदी दाखवा.

भाड्याचं किंवा स्वतःचं घर बघताना मूल आज केवढं आहे ते बघू नका, पंधराव्या वर्षी केवढं असेल ते बघा. तळमजला किंवा लिफ्ट, आणि लिफ्ट चालू राहील इतकं इन्व्हर्टर. मोठ्या माणसाची व्हीलचेअर साधारण पंचवीस इंच रुंद असते, आणि जुन्या इमारतींत बाथरूमचं दार चोवीस इंचांचं निघतं. आम्ही टोकन दिल्यावर मोजलं. तुम्ही घर बघायला जाताना खिशात टेप घेऊन जा.